पुरात भिजलेले फोटो आणि स्टुडिओचा पोटमाळा : कृष्णाकाठच्या एका छायाचित्र-प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. त्याआधी ज्या पुराचा दाखला सगळे देत असत त्या २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. त्या खुणेच्या हातभर वर सामान ठेवून निर्धास्त झालेल्या घरांचे २०१९ मध्ये काय झाले असेल, ते या आकड्यांवरून कळते. नदीकाठच्या कितीतरी गावांत पाणी दिवसेंदिवस घरांतून हलले नाही. पाणी ओसरल्यावर पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरे, भिजलेले धान्य यांचे पंचनामे झाले. घरातल्या फोटोंचा पंचनामा मात्र कोणी करत नाही, कारण भरपाईच्या तक्त्यात त्यांना रकानाच नसतो.

येथे मांडलेले प्रकरण त्या फोटोंचे आहे. पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात वडिलांचा फोटो स्टुडिओ पुढे चालवणाऱ्या एका तरुण छायाचित्रकार बाईंनी पुरानंतर हे काम हाती घेतले आणि लग्नाच्या ऑर्डरी सांभाळत ते पुढची काही वर्षे चालू ठेवले. गावाचे आणि माणसांचे नाव मी दिलेले नाही, आणि ज्यावरून एखादे घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. आपल्याच गावातल्या माणसांच्या खासगी फोटोंवर दस्तऐवजी काम करणाऱ्याने आधी नुकसान दाखवायचे की आधी फोटो परत मिळवून द्यायचा, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. माझ्या मते परत देणे आधी आले पाहिजे. हा केवळ सौजन्याचा भाग नसून छायाचित्राच्या खरेपणाचा भाग आहे, असे मी का म्हणतो, ते पुढील तपशिलांवरून स्पष्ट व्हावे.

स्टुडिओ आणि त्याची वही

वडिलांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारपेठेतल्या एका गाळ्यात स्टुडिओ थाटला. याशिका मॅट हा दोन भिंगांचा कॅमेरा, १२० चा रोल, एका रोलवर बारा चौकोनी फोटो, जिन्याखालची डार्करूम आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद, एवढ्या भांडवलावर त्या काळी अशा गावातला स्टुडिओ उभा राहत असे. लग्ने, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सोसायटीच्या कर्जप्रकरणाला लागणारे पासपोर्ट, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला चिकटवायचे फोटो, आणि कोणी वारले तर घरी जाऊन काढायचा शेवटचा फोटो, असा सगळा गाव त्या गाळ्यातून गेला. भिंतीवर हार घालून लावायला म्हाताऱ्या माणसाचा सुटा फोटो नसला, तर एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधून तेवढा चेहरा काढून मोठा करायचा आणि ब्रशने त्याला कोट-फेटा चढवायचा, हेही तिथे नेहमीचे काम होते. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

वडिलांची शिस्त अशी की, ग्राहकाने मागितली नाही तर निगेटिव्ह स्टुडिओतच ठेवायची. बटर पेपरच्या पाकिटांत घालून, पाकिटावर रोलचा नंबर टाकून त्या पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या असत, आणि तोच नंबर ऑर्डरच्या वहीत असे. वहीत तारीख, नाव, गाव, कार्यक्रम, रोल नंबर, ठरलेली रक्कम, आलेली रक्कम आणि बाकी असे रकाने होते. २००५ मध्ये गाळ्यात पाणी शिरले तेव्हा हे डबे थोडक्यात वाचले, आणि त्यानंतर वडिलांनी ते सगळे पोटमाळ्यावर हलवले. २०१९ मध्ये पाणी पोटमाळ्यालाही लागले. खालच्या फळीवर असलेल्या, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि त्यापुढच्या रंगीत ३५ मिलिमीटर निगेटिव्हांचा बराचसा भाग गेला. वरच्या फळीवरच्या जुन्या कृष्णधवल निगेटिव्हा आणि वह्या शाबूत राहिल्या. या प्रकल्पात १९८० च्या दशकातली लग्ने जास्त दिसतात आणि २००० च्या आसपासची फार थोडी दिसतात, त्यामागे निवडीचा कोणताही विचार नाही. पाणी जिथे थांबले तिथे ती रेघ पडली आहे.

पहिला टप्पा : डाग

बाईंचे पुरानंतरचे पहिले काम पंचनाम्याचे फोटो काढण्याचे होते. घरोघरी फिरताना पुन्हा पुन्हा एकच दृश्य समोर येत राहिले : चिखलात बसलेला अल्बम, पाने एकमेकांना चिकटलेली, आणि घरातले कोणीतरी तो उन्हात टाकावा की उकिरड्यावर टाकावा या विवंचनेत. त्यांनी पुण्यात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते आणि गिडियन मेंडेल या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या छायाचित्रकाराचे काम त्यांच्या परिचयाचे होते. मेंडेल यांनी २००७ मध्ये इंग्लंडमधील आणि बिहारमधील पुरांपासून ‘ड्राउनिंग वर्ल्ड’ हा प्रकल्प सुरू केला. आपल्या बुडालेल्या घरात वा घरासमोर पाण्यात उभी राहून थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी माणसे हा त्याचा एक भाग, आणि पुराने खराब झालेले घरगुती फोटो खूप मोठे करून दाखवणारी ‘वॉटरमार्क्स’ ही मालिका हा दुसरा. बाईंनी सुरुवातीला याच दुसऱ्या वाटेने जायचे ठरवले आणि गावातले भिजलेले फोटो गोळा करून डागांसकट त्यांच्या मोठ्या प्रती काढायला सुरुवात केली.

ते फोटो दिसायला विलक्षण होते, हे मान्य केले पाहिजे, आणि ते तसे का दिसतात हे समजून घेणेही गरजेचे आहे. रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे थर असतात आणि त्यांत रंग असतो : सर्वांत वर निळसर हिरवा सायन, मध्ये किरमिजी मॅजेंटा आणि तळाला पिवळा. जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. पाण्यात ते फुगते, मऊ पडते आणि गढूळ पाण्यातल्या जिवाणूंचे खाद्य होते. वरचा थर आधी सुटतो. त्यामुळे एका घरातल्या १९९० च्या दशकातल्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा हिरवा शालू पिवळा झालेला होता, कारण हिरव्यातला सायन गेला आणि पिवळा उरला. मांडवाची निळी कनात त्याच कारणाने गुलाबी पडली होती. पाणी पानाच्या कडेने आत शिरते, म्हणून ग्रुप फोटोत कडेला उभे असलेले चुलते, मावश्या आणि पुढे बसलेली पोरे आधी पुसली गेली, आणि मध्ये बसलेले नवरा-नवरी शेवटपर्यंत टिकले. चिकट पानांवर पातळ प्लास्टिक ओढायच्या त्या अल्बमांचे सर्वांत वाईट झाले, कारण प्लास्टिकमागे ओल कोंडली गेली. अलीकडच्या करिझ्मा अल्बमांची जाड पाने वरून धडधाकट दिसत, पण लॅमिनेशनच्या आत ओल सरकलेली असे. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतले जाड कागदावरचे कृष्णधवल फोटो मात्र धुतल्यावर बहुधा वाचले. त्यांची प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि एवढ्या लवकर सुटत नाही.

या टप्प्यातच गावातल्या एका वयस्कर बाईंनी प्रकल्पाची दिशा बदलली. त्यांच्या मालकांचा एकच फोटो घरात होता, दिराच्या लग्नातल्या ग्रुपमधला, आणि पुराने नेमका त्यांच्या बाजूचा कोपरा खाल्ला होता. भिंतभर मोठी केलेली ती प्रत पाहून त्या म्हणाल्या, ‘‘पोरी, डाग कशाला मोठा करून दावतीस? डाग आमी रोज भिंतीवर बघतोय. माणूस दाव.’’ पुराच्या पाण्याची रेघ त्यांच्या घराच्या भिंतीवर तेव्हा होतीच. छायाचित्रकार बाईंनी लग्नाचे साल विचारून घेतले, वही काढली, त्या सालच्या मे महिन्यातल्या नोंदी चाळल्या, रोल नंबर मिळाला आणि पोटमाळ्यावरच्या डब्यात निगेटिव्ह सापडली. चौकटीच्या अगदी कडेला, अर्धवट वळून कोणाशी तरी बोलत असलेले ते गृहस्थ निगेटिव्हवर स्वच्छ होते.

माझ्या मते या प्रकरणाचा सगळा निवाडा याच प्रसंगात आहे. मेंडेल ज्या घरांत जातात त्या घरांच्या फोटोंच्या निगेटिव्हा कुठे असतील हे त्यांना कळायला मार्ग नसतो. त्यांच्या मालिकेत फोटो गेला म्हणजे गेला, आणि ती मालिका तेवढेच सांगते. या गावात तसे नव्हते. निगेटिव्ह दोन गल्ल्या पलीकडे शाबूत असताना फक्त डाग मोठा करून दाखवणे हे वस्तुस्थितीला धरून झाले नसते. जे गेलेले नाही ते गेले असे त्या प्रतीने सांगितले असते.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो या गावात झालेले काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे स्वयंसेवकांनी साडेसात लाखांच्या आसपास फोटो ढिगाऱ्यातून गोळा केले, धुतले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि लोकांना येऊन आपापले फोटो शोधता येतील अशी व्यवस्था केली. ज्यांतले चेहरे ओळखण्यापलीकडे गेले होते असे फोटो तेवढे नंतर प्रदर्शनांतून फिरले. तिथेही परत देण्याची खटपट आधी झाली आणि दाखवणे त्यानंतर आले.

धुणे, शोधणे, जुळवणे

ओले फोटो दोन दिवसांच्या आत धुऊन सावलीत वाळवावेत, नाहीतर पिशवीत घालून गोठवावेत, म्हणजे पुढे सवडीने काम करता येते, असा सर्वमान्य सल्ला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठी तो पाळणे कोणालाच शक्य नव्हते. कितीतरी दिवस वीज नव्हती, त्यामुळे फ्रिजचा प्रश्नच नव्हता, आणि पिण्याचे पाणी टँकरने येत असताना फोटो धुवायला स्वच्छ पाणी मागणे कोणाला शोभले नसते. बाईंनी त्या काळात फोटोंसाठी टँकरचे पाणी वापरले नाही. माळावरच्या एका नातेवाइकांच्या बोअरचे पाणी मिळू लागल्यावरच त्यांनी काम सुरू केले आणि तोवर काही अल्बम हातचे गेले. मला हा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो.

शाळेच्या एका रिकाम्या खोलीत गावातल्या काही मुलींनी हे काम शिकून घेतले. चिकटलेले पान थंड पाण्यात सोडायचे, मऊ पडले की प्लास्टिकच्या खालून नायलॉनचा बारीक दोरा हळूहळू ओढत न्यायचा, फोटो सुटला की प्रतिमेच्या बाजूला बोट न लावता दुसऱ्या पाण्यातून काढायचा, आणि बाजेवर मच्छरदाणीचे कापड ताणून त्यावर उताणा ठेवायचा. जिथे चेहरा सुटून पाण्यात तरंगू लागे तिथे थांबायचे, असा नियम होता. अर्धा फोटो सुटला नाही तरी चालेल, पण उरलेला घालवायचा नाही.

निगेटिव्हांचे काम त्यानंतर निघाले आणि ते खऱ्या अर्थाने २०२० च्या टाळेबंदीत पुढे सरकले, कारण लग्ने थांबली आणि स्टुडिओला ऑर्डरी नव्हत्या. स्कॅनर परवडणारा नव्हता. गावातल्या सुताराने प्लायवुडची चौकट करून दिली, खाली एलईडीचा पांढरा दिवा, वर मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा, आणि एकेक निगेटिव्ह त्या चौकटीत ठेवून तिचा फोटो घ्यायचा. काही डबे उघडताच आंबूस वास येई. ॲसिटेटची फिल्म उष्ण-दमट हवेत विघटित होऊ लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही धोका आहे, याची सूचना तो वास देतो. असे डबे वेगळे काढून त्यांचे काम आधी उरकले. वडील वही घेऊन शेजारी बसत. वहीत नाव असले तरी चेहऱ्याला नाव लावणे त्यांच्याच स्मरणावर अवलंबून होते, आणि ते अनेकदा चेहऱ्यापेक्षा मांडवाच्या कापडावरून किंवा बँडवाल्यांवरून लग्न ओळखत.

प्रती फुकट द्यायच्या की नाही, यावर घरात मतभेद झाला. मुलीला फुकट द्यायच्या होत्या. वडिलांचे म्हणणे असे की फुकट दिलेल्या फोटोला लोक भीक समजतील, आणि कागदाचा खर्च तरी घ्यावा. राजस्थानातील लुंकरणसरच्या बालिका मेळ्यात २००३ मध्ये छायाचित्रकार गौरी गिल यांनी फोटोचा तंबू उभारला तेव्हा कोणीही यावे, हवे तसे उभे राहावे, आणि पुढे हवी असल्यास कमी दरात प्रत घ्यावी, अशी पद्धत ठेवली होती. बाईंनी हा दाखला दिला आणि कागदाच्या खर्चाएवढी रक्कम ठरली. ज्यांनी दिली त्यांची घेतली, ज्यांनी दिली नाही त्यांना विचारले नाही.

तीन पेच

पहिला पेच चेहऱ्याचा. काही निगेटिव्हांवर बुरशीने चेहऱ्याचाच भाग खाल्ला होता, आणि घरच्यांना तर भिंतीवर लावायला पूर्ण चेहरा हवा होता. मोबाइलवरची एआयची साधने हाताशी आल्यावर हा आग्रह वाढला. अशी साधने उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावरून उरलेला अर्धा ‘भरतात’, पण जे भरतात ते त्या माणसाचे नसते. हजारो परक्या चेहऱ्यांवरून काढलेला तो अंदाज असतो. एका घरी आजोबांचा असा भरलेला चेहरा पाहून नातवंडे खूश झाली आणि आजोबांच्या सख्ख्या बहिणीने हा आपला भाऊ नव्हे असे सांगून टाकले.

हा पेच सोडवताना बाईंनी स्टुडिओचीच जुनी रीत आठवली. ग्रुपमधून चेहरा काढून त्याला कोट-फेटा चढवणे हेही खरे तर भरणेच होते, आणि ते गावाने कधी खोटे मानले नाही, कारण कोट उसना आहे हे सगळ्यांना माहीत असे आणि चेहरा मात्र त्याचाच असे. त्यावरून त्यांनी अशी मर्यादा आखली की पार्श्वभूमी, कपडे, फोटोची कड हे दुरुस्त करायला हरकत नाही. डोळे, नाक, तोंड यांतला गेलेला भाग नव्याने घडवायचा नाही. घरच्यांनी फारच आग्रह धरला तर भिंतीसाठीची प्रत ब्रशने पूर्ण करून द्यायची, तिच्या मागे तसे लिहायचे, आणि संग्रहात मात्र निगेटिव्ह जशी आहे तशीच ठेवायची. कौटुंबिक छायाचित्रांवर काम करणाऱ्या कोणीही ही मर्यादा जशीच्या तशी उचलावी, इतकी ती मला नेमकी वाटते.

दुसरा पेच मालकीचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कोणी मोबदला देऊन आपला फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो. म्हणजे निगेटिव्हची फिल्म स्टुडिओची, पण ती छापून लोकांपुढे मांडण्याचा हक्क लग्नाचे पैसे देणाऱ्या घराचा. हे कळल्यावर बाईंनी प्रत्येक घराकडून दोन वेगळ्या संमती घ्यायला सुरुवात केली : प्रत काढायची एक आणि बाहेर लावायची दुसरी.

तरीही एका ठिकाणी कायदा पुरला नाही. १९८० च्या दशकातल्या एका रोलवर एका गृहस्थांचे पहिले लग्न होते. पहिली पत्नी लवकर वारली, दुसरे लग्न झाले, आणि सध्या गावात राहणारे कुटुंब दुसऱ्या पत्नीचे. त्यांनी पहिल्या लग्नाचे फोटो नकोत, बाहेर तर मुळीच नकोत, असे स्पष्ट सांगितले. पुढे निगेटिव्हा सापडल्याची बातमी ऐकून पहिल्या पत्नीची लेक सासरहून आली. आईचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. गृहस्थ हयात नव्हते. बाईंनी तिला आईच्या प्रती दिल्या, गावातल्या कुटुंबाला तसे घरी जाऊन सांगितले, आणि तो रोल प्रदर्शनात व डिजिटल संग्रहाच्या पाहायच्या भागात ठेवला नाही. त्या कुटुंबाने काही काळ बोलणे टाकले. पण लेकीलाही वडिलांच्या हक्कात वाटा आहेच, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, दाखवायला नकार देण्याचा अधिकार घराला असला तरी मुलीपासून आईचा चेहरा दडवण्याचा अधिकार त्यात येत नाही. दुसरा कोणताही निर्णय मला पटला नसता.

तिसरा पेच मला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो लक्षात यायला सर्वांत जास्त वेळ लागला. अल्बम असलेल्या घरांपासून प्रकल्प सुरू झाला, म्हणून ज्यांच्याकडे अल्बम कधी नव्हताच ती घरे त्यातून आपोआप गळली. नदीकडच्या उतारावरच्या वस्तीत पाणी सगळ्यांत आधी शिरले आणि सगळ्यांत शेवटी निघाले, पण तिथल्या शेतमजुरांच्या घरांतून भिजलेला अल्बम आला नाही. तिथे लग्नाला फोटोवाला बोलावण्याची ऐपतच नव्हती. वहीत मात्र ही माणसे होती : निराधार योजनेच्या अर्जाचे, कर्जप्रकरणाचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे पासपोर्ट, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचे ग्रुप फोटो. बाईंनी मग त्या निगेटिव्हा काढल्या. अंगठ्याच्या नखाएवढे छापले गेलेले ते चेहरे १२० च्या निगेटिव्हवर पुष्कळ मोठे आणि तपशिलाचे होते. एका म्हाताऱ्या बाईंच्या कपाळावरचे गोंदण, अर्जाच्या फोटोत कधीच न दिसलेले, मोठ्या प्रतीत ठिपक्या-ठिपक्यांनी वाचता येत होते. कचेरीसाठी काढलेला तो फोटो तिच्या नातवाने आजीचा फोटो म्हणून पहिल्यांदा घरात लावला. या सगळ्या प्रकल्पातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे, आणि तो सुरुवातीपासून असता तर त्याला प्रदर्शनात मिळालेल्या एका कोपऱ्याहून बरीच जास्त जागा मिळाली असती, हा माझा आक्षेपही इथेच नोंदवतो.

प्रदर्शन, आणि मधला पूर

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि आयर्विन पुलाजवळ पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले. या वेळी पोटमाळा रिकामा होता. डबे आणि वह्या त्याआधीच विटा भागातल्या नातेवाइकांकडे, नदीपासून दूर पठारावर गेल्या होत्या, आणि डिजिटल प्रतींचा एक संच तिथेच ठेवला होता. अनेक घरांनीही फोटो प्लास्टिकच्या पोत्यात बांधून जनावरांबरोबरच वर हलवले. एका घरात तर धान्याआधी फोटो हलले, असे वडील सांगतात.

त्याच सुमारास पुण्यातील एका कलादालनाने डागाळलेल्या फोटोंच्या मोठ्या प्रती मागवल्या. बाईंनी अट घातली की प्रत्येक डागाळलेल्या प्रतीशेजारी निगेटिव्हवरून काढलेली प्रत त्याच आकारात लागेल. दालनाला ते दृश्य बोजड वाटले आणि बोलणे तिथेच थांबले. दालनाचे म्हणणे समजण्यासारखे होते. नुसता डाग भिंतीवर जास्त परिणामकारक दिसतो यात शंका नाही. तरीही अट सोडली असती तर प्रकल्पाचा गाभाच सुटला असता.

शेवटी प्रदर्शन गावातच, बाजाराच्या दिवशी, समाजमंदिराच्या ओट्यावर प्लायवुडच्या फळ्या उभारून झाले. प्रत्येक घराने आपले काय लावायचे ते ठरवले. काहींनी दोन्ही प्रती लावायला सांगितल्या, बहुतेकांनी फक्त नवी, आणि मोजक्या घरांनी फक्त डागाळलेली. या शेवटच्यांपैकी एकाचे कारण असे की नव्या प्रतीत सगळे हसताहेत आणि त्यांतले दोघे नंतर पुरात गेले. शहरातल्या प्रदर्शनात लोक फोटोंसमोर गप्प उभे राहतात. इथे फळ्यांसमोर दिवसभर गलका होता : हा कोण, ती कोणाची, ही पैठणी कोणाकडून आणली होती, हा बैल कोणाचा. मुलींनी त्यातली नावे टिपून घेतली आणि वहीतल्या कितीतरी अनोळखी चेहऱ्यांना त्या एका दिवसात नावे मिळाली. फळ्यांवरचा मजकूर मात्र फार त्रोटक होता. साल, प्रसंग आणि फोटो काढणाऱ्याचे नाव एवढे तरी प्रत्येक फोटोखाली हवे होते. निगेटिव्हा वडिलांच्या होत्या, आणि हक्क ग्राहकाचा असला तरी काढणारा हात कोणाचा हे लिहिल्याने कोणाचेच काही कमी झाले नसते.

सध्या अडले आहे ते वहीपाशी. एका अभ्यासकांनी हा सगळा संग्रह एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे सोपवावा असे सुचवले आहे. वहीशिवाय निगेटिव्हा मुक्या आहेत, म्हणून वहीही सोबत द्यावी लागेल, आणि वहीत ‘बाकी’चा, म्हणजे राहिलेल्या पैशांचा, रकाना आहे. लग्नाचे पैसे कोणी दिले नाहीत, कोणी वर्षानुवर्षे हप्त्याने दिले, कोणाकडून वडिलांनी स्वतःहून घेतले नाहीत, हे सगळे त्यात नावानिशी आहे, आणि त्यांतली बहुतेक घरे आजही गावात आहेत. वडिलांचा वही द्यायला ठाम नकार आहे. ‘बाकी’चा रकाना झाकून उरलेल्या रकान्यांची नक्कल करून देण्याचे काम मुलीने हाती घेतले असून १९८६ पर्यंतच्या वह्या उतरवून झाल्या आहेत.